दोन एसएसडी जोडल्या की वेग खरंच दुप्पट होतो का? जोडीची चाचणी घरच्या घरी कशी घ्यायची?

दोन सारख्या एसएसडी घ्या, एक सेटिंग बदला आणि कॉम्प्युटरचा स्पीड डबल करा, अशा अर्थाचे रील्स तुम्ही पाहिले असतील. स्क्रीनवर चौकटींमध्ये मोठमोठे आकडे येतात. आधी ३,४०० आणि जोडी लावल्यावर साडेसहा हजारांच्या पुढे. कमेंटमध्ये सगळे विचारत असतात, माझ्या पीसीवर हे चालेल का?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर चालेल. चाचणीतला आकडाही बऱ्याचदा वाढेल. पण त्या आकड्यामुळे तुमचं काम लवकर होईलच असं नाही. आणि ज्या पद्धतीने आकडा वाढतो, त्याच पद्धतीने तुमचा सगळा डेटा एकदम जाण्याची शक्यताही जवळपास दुप्पट होते. ही दुसरी गोष्ट रीलमध्ये सहसा येत नाही.

ही जोडी म्हणजे काय, तिचा वेग कुठे अडतो आणि चाचणी कशी घ्यायची, हे समजून घेऊया.

'रेड' म्हणजे नेमकं काय?

ही आयकर विभागाची रेड नाही. कॉम्प्युटरच्या जगात एकापेक्षा जास्त ड्राइव्ह एकत्र जोडून त्यांचा एकच ड्राइव्ह असल्यासारखा वापर करण्याच्या पद्धतीला 'रेड' म्हणतात.

अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका शोधनिबंधातून ही कल्पना मांडली. तेव्हा मोठ्या कंपन्यांकडे महागडे, अवाढव्य डिस्क असायचे. त्याऐवजी पर्सनल कॉम्प्युटरमधले लहान, स्वस्त डिस्क मोठ्या संख्येने एकत्र वापरले तर काय होईल, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर होतं की वेग भरपूर मिळेल, पण धोकाही वाढेल. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर अशा १०० डिस्कच्या समूहात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, कुठला तरी एक डिस्क बंद पडेल. म्हणून त्यांनी डेटाची जादा प्रत किंवा दुरुस्तीची माहिती सोबत ठेवण्याच्या पाच पद्धती सांगितल्या.

घरगुती कॉम्प्युटरमध्ये दोन ड्राइव्ह जोडायचे असतील तर मुख्यतः दोन पर्याय असतात.

रेड शून्य किंवा स्ट्राइप: फाइलचे तुकडे होतात. पहिला तुकडा एका ड्राइव्हवर, दुसरा दुसऱ्यावर, तिसरा परत पहिल्यावर. दोघे एकाच वेळी काम करतात, म्हणून वेग वाढतो. १ टीबीच्या दोन ड्राइव्हमधून २ टीबी जागा मिळते. पण कुठल्याच ड्राइव्हवर पूर्ण फाइल नसते. एक ड्राइव्ह गेला की दुसऱ्यावर उरलेले तुकडे निरुपयोगी ठरतात. 'शून्य' हे नाव त्याला शोभतंच, कारण यात सुरक्षितता शून्य आहे. १९८८ च्या त्या शोधनिबंधातल्या पाच पद्धतींमध्ये हा प्रकार नव्हताच.

रेड एक किंवा मिरर: प्रत्येक गोष्ट दोन्ही ड्राइव्हवर जशीच्या तशी लिहिली जाते. १ टीबीच्या दोन ड्राइव्हमधून १ टीबीच जागा मिळते. एक ड्राइव्ह गेला तरी दुसऱ्यावर काम सुरू राहतं. लिहिण्याचा वेग मात्र वाढत नाही, कारण दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. वाचताना एकाच वेळी बऱ्याच मागण्या असतील तर त्या दोघांत वाटल्या जाऊ शकतात.

रीलमध्ये दाखवतात तो 'स्पीड डबल' प्रकार म्हणजे स्ट्राइप.

आकडे वाचायचे कसे?

क्रिस्टलडिस्कमार्क हे मोफत सॉफ्टवेअर बहुतेक जण वापरतात. त्यात चार ओळी दिसतात आणि प्रत्येक ओळीत वाचण्याचा आणि लिहिण्याचा असे दोन आकडे असतात.

सगळ्यात वरची ओळ 'सिक्वेन्शियल' वेगाची. एक मोठी फाइल सलग वाचायची किंवा लिहायची, तीही एकाच वेळी अनेक मागण्या रांगेत ठेवून. कंपन्यांच्या खोक्यावर छापलेला आकडा हाच असतो आणि स्ट्राइप केल्यावर जवळपास दुप्पट होतो तोही हाच.

सगळ्यात खालची ओळ 'रँडम ४के, एक रांग, एक थ्रेड' या चाचणीची. इथे ४ केबीचे छोटे तुकडे विखुरलेल्या जागांवरून एकेक करून मागितले जातात. एकाला उत्तर मिळाल्यावरच दुसरी मागणी जाते. चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवर इथे वाचण्याचा वेग साधारण ५० ते ८० एमबी प्रति सेकंद दिसतो. वर हजारांत आणि खाली दोन आकड्यांत, तेही एकाच ड्राइव्हवर!

जोडी लावल्यावर ही खालची ओळ जवळपास हलत नाही. स्ट्राइपमध्ये एका तुकड्याचा आकार साधारण ६४ केबी, १२८ केबी किंवा त्याहून जास्त असतो. ४ केबीची मागणी त्यातल्या एकाच तुकड्यात, म्हणजे एकाच ड्राइव्हवर जाते. दुसरा ड्राइव्ह तेवढा वेळ रिकामा बसतो. रेड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम मध्ये आल्यामुळे कधीकधी हा आकडा थोडा कमीही होतो.

विंडोज सुरू होणं, ब्राउझर उघडणं, छोटी ॲप्स चालणं या रोजच्या कामांचं नातं खालच्या ओळीशी जास्त आहे. म्हणून वरची ओळ दुप्पट झाली तरी कॉम्प्युटर वापरताना फरक जाणवत नाही.

पहिला अडथळा: वीज तयार आहे, पण लाइन तेवढीच

हा लेख कोराडीत बसून लिहिते आहे, त्यामुळे उदाहरण इथलंच देते. नागपूरच्या उत्तरेला असलेल्या आमच्या गावात महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथले ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच २०१५ ते २०१७ या काळात सुरू झाले. तिघांची मिळून क्षमता १,९८० मेगावॅट. पण ही वीज बाहेर न्यायला तितक्या ताकदीच्या लाइन हव्यात. लाइन कमी पडली तर चौथा संच उभारूनही पुढच्या गावाला जास्त वीज मिळणार नाही.

एसएसडीचंही तसंच आहे. सॅटा प्रकारच्या एसएसडीची लाइन ६ गिगाबिटची, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ५५० एमबी प्रति सेकंद. पीसीआयई ३.० वर चालणारी चार लेनची एनव्हीएमई एसएसडी ३,५०० एमबीच्या आसपास जाते, ४.० वाली सुमारे ७,००० आणि ५.० वाली १४,००० पर्यंत.

आता प्रश्न येतो की दोन्ही ड्राइव्हची लाइन पुढे कुठे मिळते? मदरबोर्डवर काही एम.२ स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेले असतात, तर काही आधी चिपसेट नावाच्या चिपला. चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यात एक सामाईक लाइन असते. इंटेलच्या २०१५ च्या झेड१७० चिपसेटपासून पुढची काही वर्षं ही लाइन पीसीआयई ३.० च्या चार लेनइतकी, म्हणजे जेमतेम ३,९०० एमबी प्रति सेकंदाची होती. त्यावर ३,४०० चे दोन ड्राइव्ह स्ट्राइप करून लावले, तर कागदावर ६,८०० व्हायला हवेत, पण चाचणीत ३,५०० च्या आसपासच दिसतात. ड्राइव्हमध्ये काहीच बिघाड नसतो, रस्ता अरुंद असतो. पुढच्या चिपसेटमध्ये ही लाइन रुंद झाली, पण ती यूएसबी आणि नेटवर्कसोबत वाटून घ्यावी लागतेच.

म्हणून खरेदीआधी मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा की कुठला स्लॉट प्रोसेसरला आहे, कुठला चिपसेटला आणि प्रत्येकाला किती लेन आहेत. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तर एम.२ स्लॉट एकच असतो. तिथे जोडीचा विषयच संपतो.

घरातल्या किंवा ऑफिसमधल्या नेटवर्क स्टोरेजमध्ये जोडी लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायला हवं. साध्या गिगाबिट लॅनची कमाल क्षमता १२५ एमबी प्रति सेकंद आहे. (नेटचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइलचा बाइटमध्ये, म्हणून १,००० ला ८ ने भागायचं.) त्या वायरच्या पलीकडे एक एसएसडी असो की चार, तुमच्यापर्यंत साधारण ११० च्या आसपासच पोहोचणार.

दुसरा अडथळा: पहिली काही सेकंदं जोरात, मग दम लागतो

आजच्या बहुतेक एसएसडीमध्ये एका कप्प्यात तीन किंवा चार बिट साठवतात. जागा स्वस्तात मिळते, पण लिहायला वेळ लागतो. त्यावर उपाय म्हणून काही भागात तात्पुरतं एकच बिट लिहून 'कॅश' तयार करतात. लिखाण आधी तिथे वेगाने होतं आणि मग सावकाश मूळ जागी हलवलं जातं. कॅश भरली की वेग खाली येतो.

सॅमसंगच्या ९७० ईव्हीओ या मॉडेलचं उदाहरण घेऊ, कारण त्यात कंपनीनेच दोन्ही आकडे दिले होते. ५०० जीबीच्या ड्राइव्हवर लिहिण्याचा वेग २,३०० एमबी प्रति सेकंद, पण तो कमाल २२ जीबीच्या कॅशपुरता. त्यानंतर ६००. म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या जवळपास.

क्रिस्टलडिस्कमार्कची नेहमीची चाचणी १ जीबीच्या फाइलवर होते. ती कॅशमध्ये आरामात मावते, त्यामुळे ड्राइव्हचा दम कधी लागतो हे त्यात कळतच नाही. शंभर मीटर धावून मॅरेथॉनचा अंदाज बांधण्यासारखं आहे हे.

या ठिकाणी स्ट्राइप खरंच कामाला येते, हेही सांगायला हवं. दोन ड्राइव्हची कॅश मिळून ४४ जीबी होते आणि कॅशनंतरचा वेग ६०० वरून १,२०० च्या आसपास जाऊ शकतो. शेकडो जीबी डेटा सलग लिहिणाऱ्यांना हा फायदा खरा आहे.

तिसरा अडथळा: आमच्याकडचा मे महिना

एनव्हीएमई एसएसडी काम करताना चांगलीच तापते. ठरावीक तापमानाच्या वर गेली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. याला 'थर्मल थ्रॉटलिंग' म्हणतात. घरगुती एसएसडीसाठी कंपन्या सहसा ० ते ७० अंश सेल्सिअस ही मर्यादा देतात.

परदेशी यूट्यूबरची चाचणी २२ अंशांच्या एसी खोलीत झालेली असते. नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. समजा, कुलर लावलेल्या खोलीत ३६ अंश आहेत आणि जोरदार काम करताना ड्राइव्ह खोलीपेक्षा ४० अंशांनी तापतो. एसी खोलीत तो ६२ वर थांबेल, आपल्याकडे ७६ वर जाईल. ड्राइव्ह तोच, सेटिंग तीच, पण निकाल वेगळा.

जोडीत ही अडचण वाढते. दोन ड्राइव्हपैकी एक बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डच्या खाली असतो आणि जास्त तापतो. स्ट्राइप म्हणजे बैलजोडी. एक बैल मंदावला की दुसऱ्याच्या ताकदीचा उपयोग नाही, गाडी मंदावलेल्याच्याच चालीने जाते. म्हणून दोन्ही ड्राइव्हचं तापमान वेगवेगळं बघायचं आणि दोघांवर हीटसिंक आहे ना, हे तपासायचं.

तुम्हाला एवढा वेग लागतो तरी का?

आता हिशेब करू. समजा, कोराडीत कुणी लग्नांचे आणि जगदंबा मंदिरातल्या नवरात्रोत्सवाचे व्हिडिओ शूट करून एडिट करतं. कॅमेरा १०० मेगाबिट प्रति सेकंदाने फोर-के रेकॉर्ड करतो. ८ ने भागलं की १२.५ एमबी प्रति सेकंद. एका तासाचं शूट ४५ जीबी.

एडिट करताना चार कॅमेऱ्यांचं फुटेज एकाच वेळी चालवलं तरी ५० एमबी प्रति सेकंद लागतात. सर्वात साध्या सॅटा एसएसडीची क्षमता ५५० आहे! टाइमलाइन अडकत असेल तर दोष बहुधा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा रॅमचा असतो, ड्राइव्हचा नाही. तिथे प्रॉक्सी फाइल वापरून काम जास्त हलकं होतं.

आणि कॅमेऱ्याच्या कार्डातून कॉपी करायला लागणारा वेळ? साध्या यूएचएस-वन कार्डची कमाल मर्यादा १०४ एमबी प्रति सेकंद. प्रत्यक्षात ९० धरले तरी ४५ जीबीला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागेल. समोर एक ड्राइव्ह असला तरी आठ मिनिटं आणि दोन असले तरी आठ मिनिटंच.

मग स्ट्राइप कुणासाठी? कॉम्प्रेस न केलेलं सिनेमाचं फुटेज हाताळणारे, मोठ्या डेटावर सलग प्रक्रिया करणारे, आणि ज्यांच्याकडे देणारा आणि घेणारा असे दोन्ही ड्राइव्ह वेगवान आहेत असे लोक. त्यातही, त्या जोडीवरचा डेटा गेला तर मूळ प्रत दुसरीकडे आहे, ही अट पहिली.

धोक्याचं गणित

समजा, एखादा ड्राइव्ह वर्षभरात बंद पडण्याची शक्यता २ टक्के आहे (हा आकडा फक्त उदाहरणासाठी). स्ट्राइपमध्ये दोघांपैकी कुणीही गेला तरी सगळं गेलं. म्हणजे धोका ३.९६ टक्के, जवळपास दुप्पट. मिररमध्ये दोन्ही जायला हवेत, म्हणजे ०.०४ टक्के, दहा हजारांत चार.

मिररचं हे गणित फार दिलासा देणारं आहे. पण त्यात एक गृहीत लपलेलं आहे. दोन ड्राइव्ह बंद पडण्याचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं आपण मानलंय. एसएसडीच्या बाबतीत ते नेहमी खरं नसतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल तातडीचा इशारा दिला. त्यांच्या फर्मवेअरमध्ये चूक होती. एकूण ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी, ड्राइव्ह बंद पडणार होता. ड्राइव्हही परत मिळणार नाही आणि डेटाही नाही. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. एकाच दिवशी सुरू केलेले सगळे ड्राइव्ह जवळजवळ एकाच वेळी जाणार, म्हणजे मिरर असूनही उपयोग नाही. नवं फर्मवेअर टाकणं हाच उपाय होता. मार्च २०२० मध्ये याच कंपनीने आणखी काही मॉडेलबद्दल असाच इशारा दिला. तिथे मर्यादा ४०,००० तासांची होती.

दुसरं कारण झिजण्याचं. एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असते. मिररमध्ये दोन्ही ड्राइव्हवर अगदी सारखंच लिहिलं जातं, म्हणून ते सारखेच झिजतात आणि म्हातारे एकदमच होतात. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये नेमका हाच धोका मांडला आणि ड्राइव्ह मुद्दाम कमी-जास्त झिजू देणारी 'डिफरेन्शियल रेड' ही पद्धत सुचवली होती.

घरी एवढं करायची गरज नाही. दोन ड्राइव्ह शक्यतो वेगवेगळ्या वेळी किंवा वेगवेगळ्या बॅचचे घ्या आणि फर्मवेअर अद्ययावत ठेवा, एवढं पुरे.

एकच लेबल, आत वेगळा माल?

सारखी जोडी हवी म्हणून एकाच मॉडेलचे दोन ड्राइव्ह घेतले, तरी ते आतून सारखे असतीलच असं नाही. २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० या एसएसडीत नाव न बदलता आतली फ्लॅश मेमरी बदलल्याचं समोर आलं. कॅश भरल्यानंतर लिहिण्याचा वेग साधारण ६१० वरून ३९० एमबी प्रति सेकंदावर आला होता. कंपनीने बदल केल्याचं मान्य केलं. त्याच वर्षी सॅमसंगच्या ९७० ईव्हीओ प्लसमध्येही त्याच नावाखाली आतले भाग बदलल्याचं दिसलं.

सहा महिन्यांच्या अंतराने सीताबर्डीच्या एकाच दुकानातून घेतलेले दोन 'सारखे' ड्राइव्ह त्यामुळे वेगळे निघू शकतात. स्ट्राइपमध्ये त्याचा फटका बसतो, कारण चाल हळू ड्राइव्हचीच राहते.

मग चाचणी कशी घ्यायची?

सुरुवातीलाच सावध करते. जोडी तयार करताना साधारणपणे दोन्ही ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

१. प्रत्येक ड्राइव्ह आधी एकटा तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये फर्मवेअरचा क्रमांक, आरोग्याचा टक्का आणि आतापर्यंत चाललेले तास दिसतात. ते लिहून ठेवा. मग दोघांची वेगवेगळी वेगचाचणी घ्या. इथेच मोठा फरक दिसला तर जोडी लावू नका.

२. दोघांसाठी स्लॉट तोच वापरा. एक प्रोसेसरच्या आणि दुसरा चिपसेटच्या स्लॉटमध्ये तपासला तर तुलना ड्राइव्हची होत नाही, स्लॉटची होते.

३. छोटी आणि मोठी अशा दोन चाचण्या घ्या. १ जीबीची नेहमीची आणि ६४ जीबीची. क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये फाइलचा आकार वाढवता येतो. लिनक्स वापरत असाल तर एफआयओ या साधनाने १५-२० मिनिटं सलग लिहून बघा आणि 'डायरेक्ट' पर्याय चालू ठेवा. नाहीतर रॅमचा वेग मोजाल आणि ड्राइव्हचा समजाल. अशी मोठी चाचणी रोज मात्र करू नका. ड्राइव्ह तेवढा झिजतो.

४. रिकामा आणि भरलेला, दोन्ही वेळा मोजा. ८० टक्के भरल्यावर कॅशला जागा कमी उरते आणि बऱ्याच एसएसडी मंदावतात. तुम्ही तर वर्षभर भरलेलाच ड्राइव्ह वापरणार आहात.

५. प्रत्येक आकड्यासोबत तापमान लिहा. खोलीचं आणि दोन्ही ड्राइव्हचं. जानेवारीतली चाचणी मे महिन्यात पुन्हा घ्या.

६. आता जोडी तयार करा. विंडोजमध्ये 'स्टोरेज स्पेसेस', लिनक्समध्ये एमडीएडीएम किंवा मदरबोर्डची रेड सुविधा, यापैकी काहीही. मदरबोर्डची सुविधा वापरली तर बोर्ड बिघडल्यावर जोडी वाचायला बहुतेक त्याच जातीचा बोर्ड लागतो, हे ध्यानात ठेवा. मग १ ते ५ मधल्या त्याच चाचण्या, त्याच सेटिंगवर.

७. स्टॉपवॉच घेऊन स्वतःचं काम मोजा. तुमचा नेहमीचा प्रोजेक्ट उघडायला, एक्सपोर्ट व्हायला आणि कॉम्प्युटर सुरू व्हायला किती सेकंद लागतात? प्रत्येक काम तीनदा करा आणि मधला आकडा धरा. सगळ्या यादीत सगळ्यात महत्त्वाची चाचणी हीच आहे. चाचणीत दुप्पट आणि एक्सपोर्टमध्ये चार सेकंदांचा फरक, असं निघालं तर निर्णय सोपा आहे.

८. मिरर असेल तर एक ड्राइव्ह काढून बघा. कॉम्प्युटर बंद करून एक ड्राइव्ह काढा आणि सुरू करा. सुरू होतो का? ड्राइव्ह गेल्याची सूचना येते का? परत लावल्यावर प्रत पुन्हा तयार व्हायला किती वेळ लागतो? १ टीबी ५०० एमबी प्रति सेकंदाने भरायला साधारण ३३ मिनिटं लागतात. तेवढा वेळ कॉम्प्युटर मंद चालेल आणि डेटा एकाच ड्राइव्हच्या भरवशावर असेल.

आठवी पायरी का टाळू नये?

२४ फेब्रुवारी २०२१. मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, सकाळी ११.४० वाजता सगळे व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू व्हायला दुपारचे ३.४५ वाजले आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी ५ पर्यंत चालवावा लागला. एनएसईने नंतर सांगितलं की त्यांच्याकडे दोन वेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लिंक होत्या. दोन्हींमध्ये अडचण आली, त्याचा परिणाम स्टोरेज नेटवर्कवर झाला आणि जोखीम सांभाळणारी यंत्रणा उपलब्ध राहिली नाही.

ही तुमच्या-आमच्या दोन एसएसडींपेक्षा कितीतरी मोठी व्यवस्था. तिथेही जोडी होती. पण जोडी असणं वेगळं आणि एक बाजू पडल्यावर दुसरीने न अडखळता काम उचलणं वेगळं. दुसरी बाजू खरंच उभी राहते का, हे पहिली काढून बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

चुकून फोल्डर डिलीट केलं तर मिरर ते दोन्ही ड्राइव्हवरून लगेच डिलीट करतो. रॅन्समवेअरने फाइल लॉक केल्या तर दोन्ही प्रती लॉक. वीज अचानक गेली आणि अर्धवट लिहिलं गेलं तर दोन्हीकडची प्रत बिघडू शकते. विजेच्या गावात राहूनही आमच्याकडे दिव्याखाली अंधार होतोच, म्हणून यूपीएस हवाच.

मिररचं काम एवढंच की एक ड्राइव्ह गेला तरी तुमचं आजचं काम थांबू नये. कालची फाइल परत मिळवून देणं हे बॅकअपचं काम आहे. त्यासाठी तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम अजून चालतो.

थोडक्यात काय निवडायचं?

रोजचं काम, अभ्यास, गेमिंग: एकच चांगली एसएसडी. उरलेल्या पैशात बॅकअपसाठी बाहेरचा हार्ड डिस्क घ्या.

ग्राहकांचं काम करणारे फोटोग्राफर, व्हिडिओ एडिटर, सीए, छोटी ऑफिसं: काम थांबून चालत नसेल तर मिरर, आणि त्यासोबत बॅकअप.

प्रचंड फाइलींवर सलग काम आणि मूळ प्रत दुसरीकडे सुरक्षित: स्ट्राइप, तीही स्टॉपवॉचने फायदा दिसला तरच.

एखाद्या कुटुंबाच्या लग्नाचं फुटेज पुन्हा शूट करता येत नाही. ते फक्त स्ट्राइप केलेल्या जोडीवर ठेवायचं का, हे ठरवताना रीलमधला साडेसहा हजारांचा आकडा बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा, यातला एक ड्राइव्ह आज रात्री बंद पडला तर उद्या सकाळी माझ्याकडे काय उरेल?